रविवार पेठेतलं खारीक-खोबऱ्याचं दुकान आणि २०२५ ची सगळी धास्ती

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सावकारांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, विचारलं होतं, तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का, तर म्हणाले, "ब्याड अक्का, नाव नको, आधीच लोक येऊन विचारायलेत की पाकिस्तानचा माल ठेवता काय म्हणून." म्हणून नुसती खूण सांगते. बेळगावच्या रविवार पेठेत आत गेलं की दारातच खोबऱ्याच्या वाट्यांचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं, गल्ल्याच्या मागं हिरव्या रंगाचे पत्र्याचे डबे छतापर्यंत, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याच्या शेजारी जुनी पितळी तागडी अजून लटकवलेली. शोधलं तर सापडेल.

आम्ही वडगावचे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून खारीक, खोबरं, डिंक, हळीव, हिंग हे सगळं इथूनच. मी पण इतकी वर्षं डोळे झाकून घेत आलेय, कधी परीक्षण लिहावं असं वाटलं नव्हतं. आता मात्र लिहावंसं वाटलं कारण २०२५ मध्ये बाजारात जे चाललं होतं त्यात या एका दुकानानं मला फसवलं नाही.

झालं असं की मे महिन्यात लेकीचं डोहाळजेवण होतं, सातवा महिना. ओटीला खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी, नारळ हे लागणारच. आणि नेमका पहलगामचा दहशतवादी हल्ला झालेला, सीमेवरचं अटारीचं फाटक बंद, २ मे ला केंद्र सरकारनं पाकिस्तानातून येणारा सगळा माल बंद केला, थेट येणारा पण आणि दुसऱ्या देशातून फिरवून आणलेला पण. त्याच आठवड्यात तिकडं लढाई पेटली. आमचा भाचा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, त्याचा फोन लागत नव्हता, घरात टीव्ही दिवसभर चालू. बंदी घातली ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते. पण त्या धास्तीत व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायला लागले की सैंधव मीठ संपलं, खारीक आता वर्षभर मिळणार नाही, आजच भरून ठेवा, आणि बायका खरंच पाच-पाच किलो खारीक उचलायला लागल्या. घरात बाळंतपण नाही, लग्न नाही, तरी.

मी पण घाबरले, खोटं कशाला बोलू. आधी घराजवळच्या एका दुकानात गेले (त्याचंही नाव घेत नाही), तिथं त्यानं पाव किलो खारकेचे दीडशे सांगितले आणि वर म्हणाला की उद्या दोनशे होतील. पिशवीवर नुसतं इम्पोर्टेड एवढंच लिहिलेलं, कुठल्या देशाची ते नाही. घेतली मी. घरी आणून फोडली तर दहातल्या तीन-चार खारकांत आत काळी भुकटी आणि किडा. ओटीत घालायची खारीक अशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती ताटली बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठ गाठली. दुकानात ही गर्दी. सावकारांनी वहीच्या कागदावर कन्नड आणि मराठीत लिहून खांबाला चिकटवलं होतं, एका घराला एक किलोच. एका गिऱ्हाइकानं भांडण काढलं की मी पैसे देतोय ना, तर ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुमच्यामागं बाळंतिणीच्या घरचं कोणतरी उभं असंल की." खरंच मीच उभी होते मागं.

मी विचारलं, सावकार, ही कुठली? तर त्यांनी पोरग्याला सांगून आतलं पोतं ओढून आणलं, पोत्यावरचा छाप मला वाचायला लावला, ओमानचा माल. मग दोन खारका घेतल्या, एक ओमानची आणि एक जुन्या शिलकीतली, अडकित्त्यानं उभ्या कापल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. जुनी लांबट, गर जाड, बी बारीक. ओमानची जरा आखूड, रंग गडद, सुरकुत्या जास्त, चावायला कडक पण गोडीला चांगली. म्हणाले, "दुधात रात्रभर भिजवा, मग कळतंय." हे मला फार आवडलं. इतकी वर्षं आपण ओटीत खारीक घालतो, ती कुठल्या मुलखातनं येते हे मला तरी पन्नाशीत कळलं.

त्यांनीच सांगितलं मग. आपल्याकडं यायची ती बरीचशी खारीक सिंधमधली, खैरपूर-सक्करच्या बाजूची. झाडावर फळ पूर्ण पिकायच्या आधी काढायचं, मोठ्या कढईत उकळायचं आणि उन्हात चटयांवर वाळवायचं, म्हणून ती खजुरासारखी मऊ राहत नाही. आपल्या कच्छला पण खजूर होतोय, तिथं ताज्या फळालाच खारेक म्हणतात, २०२४ मध्ये त्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालंय, पण तो बहुतेक ताजाच खपतोय. म्हणून मग ओमान, इराण, इराककडं बघायचं.

आणि भाव काय आज वाढलेला नाही. मला वाटायचं सगळं २०२५ मध्येच झालं. तर सावकारांनी बिलाच्या पाठीमागं पेन्सिलनं हिशोब मांडून दाखवला. १९९६ मध्ये आपण पाकिस्तानला व्यापारात बाकीच्या देशांसारखाच दर्जा दिला होता, २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो काढला, लगेच त्यांच्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं. म्हणजे शंभराचा माल असंल तर त्यावर दोनशे सरकारचे, दारात येईस्तोवर तीनशे. त्यावर भाडं, हमाली, दलाली वेगळीच. पुढं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं पण आपल्याशी व्यापार थांबवला. तेव्हापासून खारीक महागच आहे, आम्ही हळूहळू सवय करून घेतली आणि विसरलो. मला आठवतंय, त्या आधी मी किलो-किलो आणायची आणि नंतर कधी पाव-पाव आणायला लागले ते कळलंच नाही.

मे मध्ये मी इथं पाव किलोला ९५ दिले. स्वस्त नाहीच. पण किडकी एक निघाली नाही, आणि उद्या वाढणार म्हणून घाई केली नाही कुणी.

सैंधवाचं पण सांगते, कारण ते जास्त लोक विचारतात. खडा सैंधव, गुलाबी, पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतनं यायचं. नावातच सिंधू आहे बघा, सैंधव म्हणजे सिंधूकडचं. आषाढी, श्रावण, नवरात्र, उपास म्हटलं की आपल्याला तेच लागतंय. हिमाचलात मंडीकडं आपल्या पण खाणी आहेत पण तिथलं मीठ थोडंच निघतं. श्रावणात मी गेले तर सावकार म्हणाले की खडा माझ्याकडं जुना थोडा आहे, संपला की संपला, नवीन म्हणून कुणी गुलाबी खडा दिला तर बिल मागा. आणि मला सरळ सांगितलं की वैद्यानं सांगितलं नसंल तर साधं समुद्राचं मीठ वापरा अक्का, देव काही रागवत नाही. विकणारा माणूस स्वतः सांगतोय की घेऊ नका! अर्धा किलो घेतलं मी, भाव तोच जुना लावला.

जूनमध्ये पेपरात बातमी आली की न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले, ११०० टनांच्या वर माल, किंमत ९ कोटीच्या आसपास, पाकिस्तानचाच माल पण दुबईमार्गे फिरवून कागद यूएईचे लावलेले. त्यात खारीक पण होती. ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला, म्हणजे आपण काय खातोय आणि पैसे कुणाकडं जातायत. भाचा सीमेवर आणि मी इकडं तोच माल विकत घ्यायचा का? तडक गेले आणि सावकारांना तोंडावर विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, एका दलालानं त्यांना पण दुबईची म्हणून स्वस्तात खारीक दाखवली होती, पण कागद नीट दाखवेना म्हणून त्यांनी ती उतरवून घेतली नाही, त्यामुळं पंधरा दिवस डबा रिकामा ठेवला. तो रिकामा डबा मी बघितला होता की! तेव्हा मला वाटलं होतं की ह्यांचं दुकान चालत नाही आता.

जुलैच्या शेवटी नातू झाला. लाडवांसाठी दीड किलो खारीक, डिंक, गोडंबी, हळीव, खसखस असं सगळं एकदम लागलं, तेव्हा बाळंतिणीचं आहे म्हटल्यावर एक किलोची अट सोडली त्यांनी. इथली सर्वात मोठी सोय म्हणजे खारीक फोडून, बी काढून, दळून देतात. घरी खलबत्त्यात कुटून बघा एकदा, मनगट निकामी होतंय, मिक्सरचं भांडं तर माझं एक फुटलंच. इथं बी काढायच्या आधी वजन करून पैसे घेतात, हे काहींना पटत नाही, पण बिया परत देतात आणि पूड एकदम रव्यासारखी. दळताना वास जळका येत नाही कारण थांबून थांबून दळतात. डिंक मात्र यावेळी मला खास वाटला नाही, तळल्यावर पूर्ण फुलला नाही, मधे काचेसारखा कडकच राहिला. सांगितलं त्यांना, पुढच्या वेळी बदलून दिला.

हिंगाचं आता टेन्शन आहे. हिंगाचा कच्चा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडनं येतो आणि मग आपल्याकडं हाथरसला वगैरे त्याचं हिंग बनतंय. अंजीर आणि मनुका पण अफगाणी. ते ट्रक पाकिस्तानातनंच अटारीला यायचे, एप्रिलमध्ये ते पण अडकले, नंतर थोडे सोडले. आणि ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तानचंच एकमेकांत लागलं, त्यांच्या सीमेवरचं तोरखमचं फाटक बंद, तिकडं पाकिस्तानात म्हणे टोमॅटो त्यांच्या सहाशे रुपयांवर गेला. त्या बायकांनी आमटीत काय घातलं असंल असा विचार आला माझ्या मनात, खरंच आला. अंजीर दिवाळीत घेतलं नाही मी, परवडत नव्हतं.

आम्हा बेळगावकरांना हे कळायला लांब जायला नको. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक-महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या चंदगडची गिऱ्हाइकं पेठेत आली नाहीत, सावकार सांगत होते की लग्नसराईची खरेदी चार दिवस ठप्प. दोन राज्यांचं बिनसलं तर एवढं, मग दोन देशांचं बिनसलं तर काय. आणि घरात वेगळाच घोर, आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला, तिथली पोरं रोज एकमेकांना विचारायची की ऑर्डर आली का. अमेरिका कुठं शेजारी आहे आमची, तरी झळ वडगावात पोचली. त्यामुळं मी आता प्रत्येक पाव किलोचा हिशोब करते, आणि म्हणूनच कुठल्या काउंटरवर पैसे द्यायचे हे मला महत्त्वाचं वाटतं.

वाईट पण लिहिते. गाडी लावायला जागा अजिबात नाही, दुपारी माल उतरायला लागला की आत शिरणं मुश्किल. दुपारी दीड ते चार बंद असतं आणि तसं बाहेर कुठं लिहिलेलं नाही, मी दोनदा हेलपाटा घातलाय. नवीन पोरगा आहे तो मराठी समजतो पण घाईत जिऱ्याऐवजी शहाजिरं बांधतो, पुडी सोडायच्या आधी वास घेऊन बघा. होम डिलिव्हरी नाही. भाव फोनवर सांगत नाहीत, ह्यावर माझी नाराजी आहे, म्हातारी माणसं नुसता भाव विचारायला रविवार पेठेपर्यंत कशी येणार. हे मी त्यांना सांगितलंय, बघू म्हणालेत.

दिवाळीत खारीक पाव किलो ८० ला आली, स्वतःहून कमी केली, मी विचारलं पण नव्हतं. ओमानचा नवा माल म्हणाले, आणि पुन्हा पोत्याचा छाप दाखवला. बारशाला ज्या पाच सवाष्णी आल्या होत्या त्यातल्या तिघी आता तिथूनच घेतात.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या फोनच्या भावासाठी आणि डिंकासाठी कापला. खारीक दळून हवी असंल तर सकाळी अकराच्या आत टाका, संध्याकाळी सहानंतर मिळते. पूड ठेवायला कोरडा डबा घरून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत पूड दमट होते. आणि पोत्याचा छाप बघायचाय म्हणून सांगा, दाखवतात.