ट्रॅव्हल क्लिनिक: जायच्या आधी सगळं नीट, परत आल्यावरचं कोणीच सांगितलं नाही

मलेरिया असलेल्या भागात कामाला जायचं होतं म्हणून या क्लिनिकमध्ये गेले होते, नाव लिहीत नाही. चांगलं ते आधी सांगते, डॉक्टरांनी अजिबात घाई केली नाही, मच्छरदाणी, क्रीम, फुल बाह्यांचे कपडे सगळं समजावलं, मलेरिया होऊ नये म्हणून अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या गोळ्या दिल्या आणि परत आल्यावर ७ दिवस चालू ठेवा म्हणून कार्डावर तारखा लिहून दिल्या. मी एकही चुकवली नाही. शेवटच्या तारखेवर टिक केली आणि कार्ड टाकून दिलं, विषय संपला.

साडेपाच महिन्यांनी भर दुपारी हुडहुडी भरली. दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते, मग फणफणून ताप आणि रात्री घामाने उशी ओली. दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत म्हणून कामावर गेले, तर तिसऱ्या दिवशी जवळजवळ त्याच वेळेला परत तेच. क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, गोळ्या पूर्ण घेतल्यात ना, मग मलेरिया नसणार आणि इतक्या महिन्यांनी तर नाहीच.

हे साफ चुकीचं आहे हो! व्हायवॅक्स आणि ओव्हेल जातीचे जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात, या गोळ्या त्या झोपलेल्यांना मारत नाहीत, आणि ते महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा जागे होतात. फाल्सिपेरम ही मलेरियाची दुसरी जात, ती असेल तर मलेरिया बहुतेक वेळा महिनाभरातच दिसतो पण गोळ्यांमुळे तोही लांबू शकतो, आणि तो एका दिवसातसुद्धा जिवावर बेतू शकतो.

त्यांचं ऐकून मी पॅरासिटामॉलवर अजून दोन दिवस काढले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांचा पहिलाच प्रश्न, "वर्षभरात कुठे प्रवास केलात का?" लगेच बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं, रिपोर्ट निगेटिव्ह, तरी त्यांनी सोडलं नाही, १२ तासांनी परत घेतलं आणि व्हायवॅक्स सापडला. रक्तातल्या जंतूंसाठी क्लोरोक्विन दिलं, लिव्हरमधल्यांसाठी १४ दिवस प्रायमाक्विन, पण त्याआधी जी६पीडीची टेस्ट करूनच, कारण ते एन्झाइम कमी असेल तर त्या गोळीने रक्तपेशी फुटतात.

क्लिनिकला ५ पैकी २, तेही आधीच्या सल्ल्यासाठी. "परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट करा आणि प्रवासाचं सांगा" एवढी ओळ कार्डावर छापा म्हणून मेल केलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.