नेपाळ की थायलंड? मुलांना घेऊन पहिली परदेशवारी, विदर्भातल्या गावाकडून

यवतमाळ-वर्ध्याकडच्या घरात परदेशवारीचा विषय निघाला की शेवटी बहुतेकदा दोन नावं उरतात. नेपाळ जवळचं आणि स्वस्त वाटतं, थायलंड विमानाचं म्हणून अवघड. खरं तर नेपाळ कागदाला सोपं आणि अंगाला जड आहे. थायलंडचं नेमकं उलटं.

आधी कागद. नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, पासपोर्ट नसला तर मोठ्यांचं मतदार ओळखपत्र चालतं. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या आजी-आजोबांना आधार पुरतं. फसगत होते ती मधल्या वयात. मोठ्यांचं नुसतं आधार धरत नाहीत, आणि १५ ते १८ मधल्या मुलांसाठी मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. मे महिन्यात शाळेला कुलूप लागल्यावर हे आठवून उपयोग नाही, परीक्षा सुरू असतानाच मागून ठेवावं.

थायलंडला तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट हवा. १५ वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टची मूळ फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं अनेक्श्चर डी, म्हणजे संमतीचं घोषणापत्र. घोडं अडतं ते जन्मदाखल्यावर. नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते. मूल आईच्या माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर दाखला तिकडचाच. आपल्या ग्रामपंचायतीत खेटे घालून काही होत नाही. त्यात नोंद बारशाआधीची असली तर नावाचा रकाना कोरा. आधी नाव चढवून घ्यायचं, मग दाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं. एकीकडे बापाचं नाव ‘संजय’ आणि दुसरीकडे ‘संजयराव’, एवढ्यावरही फाईल परत येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर जन्मतारखेसाठी दुसरा पुरावाच चालत नाही. मोठ्यांपैकी जे कोणी दहावी पास असेल त्याच्या अर्जाला बोर्डाचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा, लागत नाही. एकूण चार महिने हाताशी धरा. तेवढे नसतील तर यंदा नेपाळच.

आता रस्ता. नेपाळसाठी नागपूरहून गोरखपूरची गाडी, म्हणजे जवळपास एक अख्खा दिवस रेल्वेत. पुढे सुनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर, आणि पलीकडच्या भैरहवाहून पोखऱ्याचा घाट. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं, पण वळणांमुळे दिवस मोडतो, आणि लहान पोरं पहिल्या तासातच ओकायला लागतात. पहाटे निघा, रिकाम्या पोटी नाही पण हलकं खाऊन. मुलांना पुढच्या सीटवर बसवा. गावातलीच बोलेरो नेणार असाल तर सीमेवर भन्सार, म्हणजे कस्टमचा दिवसागणिक परवाना, काढावा लागतो. जितके दिवस राहणार तितके आधीच मोजून भरा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला विरळ हवेत काय होतंय ते सांगता येत नाही, तेव्हा ते या खेपेला सोडा.

थायलंडला गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला घेत सकाळी मुंबईत सोडते. विमान त्याच संध्याकाळचं किंवा रात्रीचं घ्या, सकाळचं नको. गाडी दोन तास उशिरा आली तर तिकीट वाया. पुढे बँकॉक साडेचार तासांवर. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर नेता येतं, त्याचं भाडं अगदी कमी.

हंगामाचं गणित आपल्याकडे वेगळं. मे महिन्यात मुलं मोकळी असतात, पण लुंबिनीतही ऊन आपल्यासारखंच, आणि फुकेतकडे मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल झेंडे. जून ते सप्टेंबर नेपाळचा रस्ता टाळाच. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ–मुग्लिंग मार्गावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. दोन्हीकडे चांगले दिवस दिवाळीनंतरचे. सोयाबीन घरात आलेलं असतं, पण पऱ्हाटीची वेचणी लागलेली असते. म्हणून आठ-दहा दिवसांच्या नेपाळपेक्षा सहा दिवसांचं थायलंड शेतकऱ्याला जास्त परवडतं, पैशात नसलं तरी वेळात.

खाण्याचं नेपाळमध्ये काळजीचं नाही, डाळभात सगळीकडे. थायलंडमध्ये ‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटातही माशाचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ (เจ) लिहिलेली खाण्याची गाडी शोधा. तिथे मासळी, अंडं, कांदा-लसूण काहीच नसतं.

पैसा: भारतीय १ रुपयाला नेपाळचे १.६० हा भाव ठरलेला आहे. आपल्या १०० च्या नोटा जास्त न्या. थायलंडचं पॅकेज एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वेगळा घेतला जातो. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावरच. नुसत्या शेतीवर असणारे ते भरत नाहीत आणि रक्कम तशीच पडून राहते.

मुलं काय बघतील? ताडोबा पाहिलेल्यांना चितवनचा एकशिंगी गेंडा नवा. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या घरात लुंबिनीचा अशोकस्तंभ कुठल्याही समुद्रापेक्षा मोठा. पण सोबत तीन वर्षांच्या आतलं मूल आणि गुडघे दुखणारी आजी दोघंही असतील तर आम्ही थायलंड सांगू.

ते ठरलं तर व्हिसाचा त्या वेळचा नियम तिकिटाआधी तपासा, आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत टीडीएसी हा थायलंडमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकाचा, बाळाचासुद्धा, भरा. तो फुकट आहे. पैसे मागणारी साईट खोटी समजावी.