नाना पेठेतील एक गॅरेज आणि माझी पद्मिनी

माझी प्रीमियर पद्मिनी ही मोटार सकाळी विनातक्रार सुरू होत असे. मात्र इंजिन तापले की ती झटके देऊन बंद पडे, आणि आधीच्या एका गॅरेजने ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी कॉइल बदलूनही दोष कायम राहिला होता. पुण्याच्या नाना पेठेतील या छोट्या गॅरेजच्या वयस्कर मिस्त्रींनी प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट जळालेले दाखवले आणि पॉइंटवरची ठिणगी रोखणारा कंडेन्सर निकामी झाल्यास पॉइंट उघडताना ठिणगी तेथेच उडते, त्यामुळे प्लगला ती दुबळी मिळते, हे समजावून सांगितले. दोन्ही भाग बदलून त्यांनी फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्टीने, पॉइंटमधील फट सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, मात्र त्यांनी केवळ कानाने लावले, हे मला रुचले नाही. तरीही दिवे घाटात गाडी एकदाही थांबली नाही. पावती दोनदा मागावी लागली.