स्कॅन करणारं अ‍ॅप की तज्ज्ञ समितीचा अहवाल?

क्रीमच्या डबीवर ‘फिनॉक्सीइथेनॉल’ (क्रीम खराब होऊ न देणारा घटक) दिसलं की माहिती शोधायची कुठे? सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये बारकोड स्कॅन केला की क्षणात लाल, पिवळा किंवा हिरवा रंग समोर येतो. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण तो रंग बहुतेकदा नुसत्या नावावरून ठरतो. घटक किती टक्के आहे हे सहसा लेबलवरच नसतं, मग अ‍ॅपला कुठून कळणार?

आणि खरी गोम प्रमाणातच आहे. युरोपीय संघाच्या एससीसीएस या ग्राहक-सुरक्षेवरच्या तज्ज्ञ समितीने 2016 मध्ये फिनॉक्सीइथेनॉल 1 टक्क्यापर्यंत सुरक्षित ठरवलं. अशा अहवालात घटक त्वचेतून किती शोषला जातो, कोणत्या मात्रेला दुष्परिणाम दिसले आणि रोजच्या वापरातली मात्रा त्याच्या किती खाली राहते, हे सगळं मांडलेलं असतं. वाचायला रटाळ, शिवाय इंग्रजीत. पण शेवटचा निष्कर्ष तेवढा वाचला तरी बरंच भागतं. अमेरिकेतला सीआयआर हा प्रसाधनांतले घटक तपासणारा कार्यक्रम 1976 पासून असंच मूल्यमापन करतो; पैसा उद्योगसंघटनेचा, निर्णय तज्ज्ञांचा, हे ध्यानात ठेवून वाचावं.

एका बाबतीत मात्र अ‍ॅप सरस. लिनॅलूल या सुगंधी घटकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला लांबलचक यादीतून ते नाव पटकन सापडतं, अर्थात ते ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड दडलेलं नसेल तर. सुरक्षिततेचा निवाडा मात्र मी अ‍ॅपवर सोडणार नाही. अहवाल शोधताना लेबलवरचं नाव जसंच्या तसं टाका; जाहिरातीतल्या नावाने काही हाती लागत नाही.