वॉर्डातील संगणकीय नोंदप्रणाली: एका परिचारिकेचा अभिप्राय
पुण्यातील ज्या खासगी रुग्णालयात मी परिचारिका आहे, तेथे केसपेपरची जागा आता संगणकीय नोंदप्रणालीने घेतली आहे. औषधांच्या बाबतीत ती निःसंशय सरस आहे: डॉक्टरांचे अक्षर लावत बसावे लागत नाही, आणि रुग्णाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद असेल, तर त्याच गटातील अमॉक्सिसिलिन लिहिताच पडद्यावर लाल इशारा झळकतो. मात्र किरकोळ इशारेही त्याच लाल रंगात येत असल्याने रात्रपाळीत ते न वाचताच बंद करण्याची सवय लागते, हा मला सर्वांत गंभीर दोष वाटतो. वॉर्डात संगणक एकच. त्यामुळे ताप, नाडी, रक्तदाब आधी कागदावर टिपायचे आणि मग पुन्हा टंकायचे. ज्येष्ठ सिस्टर नव्या गोष्टींना नाक मुरडतात, अशी व्यवस्थापनाची तक्रार असते. वास्तविक त्यांचा विरोध संगणकाला नसून या दुबार लिखाणाला आहे, आणि तो रास्तच आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या १४ अंकी आभा क्रमांकाशी, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाशी, नोंदी जोडण्याची सोय चांगली आहे, परंतु रुग्णाला समजावून त्याची संमती घेण्यास गर्दीच्या वेळी सवड कोणाला? खाटेजवळ नेता येणारे टॅब मिळेपर्यंत पाचापैकी तीनच तारे.