तीन शिलेदार की एकच हुकमी एक्का?

रविवारी पहाटे उपवन तलावापासून येऊरचा चढ चढताना आमच्या ठाण्याच्या सायकलिंग ग्रुपमध्ये हाच वाद रंगतो: जम्बो-विस्मा या सायकलिंग संघाचं २०२३ भारी की यूएई संघाचं २०२४?

जम्बोने एकाच मोसमात तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या, त्याही तीन वेगळ्या गड्यांकडून: इटलीची जिरो रोग्लिचने, फ्रान्सची टूर विंगेगोने, स्पेनची वुएल्टा सेप कुसने. प्रतिस्पर्धी एकाच्या मागे लागला की दुसरा मोकळा! वुएल्टात सहाव्या टप्प्याला कुस पुढे निसटलेल्या गटात शिरला, टप्पा जिंकला आणि मुख्य दावेदारांवर मोठी आघाडी घेऊन बसला. शेवटी पहिले तिघंही जम्बोचेच. एरवी दुसऱ्यांसाठी चढावर राबणारा माणूस जिंकला, याचा मला आजही फार आनंद आहे.

यूएईचा डाव सरळ. साथीदारांनी वेग वाढवत बाकीच्यांचा दम काढायचा, मग संघाचा हुकमी एक्का पोगाचारने सुटायचं. एकाच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही त्याचे, प्रत्येकी सहा टप्पे जिंकून. ही जोडी १९९८च्या इटालियन सायकलपटू पांतानीनंतर कुणालाच जमली नव्हती.

पण हा एकखांबी तंबू. तो खांब पडला असता तर? म्हणून माझं मत जम्बोला.