ईदची तयारी: शाबानमध्ये उरकावी की चांदरातीपर्यंत ठेवावी?

रमजान ईदच्या तयारीच्या दोन रीती आपल्या घरांतून दिसतात. काही घरांत शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, कपडे शिवून होतात आणि कोरडा जिन्नस डब्यांत भरला जातो. बऱ्याच घरांत मात्र रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, म्हणजे दहा दिवसांत, बाजाराला सुरुवात होते आणि ईदचा चांद दिसतो त्या चांदरातीला ती संपते. सोलापुरात राहून मी दोन्ही रीतींनी ईद केली आहे, आणि स्वतःच्या संसारात पहिल्यांदाच ईदचा बेत आखणाऱ्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. प्रत्येक घराची मिळकत, माणसे आणि सवयी निराळ्या असल्यामुळे माझे मत सर्वांना लागू पडेलच, असा माझा आग्रह नाही.

चांदरातीपर्यंत थांबण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतर, सगळ्या घराने मिळून विजापूर वेशीतल्या मीना बाजारात जाणे, मुलींनी काकणांचे रंग कपड्यांशी जुळवून पाहणे, अत्तराचा फाया मनगटावर लावून घेणे, हा आनंद शाबानमधल्या रिकाम्या दुकानांत मिळत नाही. नव्या नक्षीचे कापडही रमजान लागल्यावरच दुकानांत येते. शिवाय ज्यांचा रोजचा गल्ला ईदच्या तोंडावरच वाढतो, त्या लहान व्यावसायिकांना महिनाभर आधी खर्च करा असे सांगणे बरोबर होणार नाही. त्यांच्या हातात पैसा येतो तोच शेवटच्या दहा दिवसांत.

आमच्या घरीही अनेक वर्षे असेच चालत असे. ते बदलले एका गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे शिलाई. रमजान 29 दिवसांचा होईल की 30 दिवसांचा, हे शेवटच्या संध्याकाळपर्यंत कोणालाच सांगता येत नाही; शिंपी मात्र बहुधा 30 दिवस धरूनच कामाचा हिशेब मांडतो. आपल्याकडे 2023 मध्ये 29 रोजे झाले, 2024 मध्ये 30 आणि 2025 मध्ये पुन्हा 29. म्हणजे या तीनपैकी दोन वर्षी 30 धरून चालणाऱ्याला एक दिवस कमी पडला असता, आणि 2025 मध्ये तो आम्हाला कमी पडला.

त्या वर्षी एकोणतिसावा रोजा 30 मार्चला, रविवारी आला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. अमावास्येनंतर चैत्राची प्रतिपदा लागते आणि तिच्याच आगेमागे आपला चांद दिसतो, त्यामुळे अधूनमधून हे दोन्ही सण असे एकमेकांना येऊन भिडतात. माझा आणि दोन्ही मुलांचा कुर्ता-पायजमा शिवायला होता. शनिवारी रात्री तरावीह सोडून मी शिंप्याच्या दुकानात बसून राहिलो, कारण पाडव्याला कारागीर येणार नव्हते. एकोणतिसावी, म्हणजे त्या रमजानची शेवटची ताक, म्हणजे विषम, रात होती. शब-ए-कद्र, म्हणजे वर्षातली सर्वांत पवित्र रात्र, ज्या पाच रात्रींत शोधायची, त्यांपैकी एक. ती मी लाकडी बाकावर बसून, काज्यांचे काम कधी होईल हे विचारण्यात घालवली आणि अखेर सोमवारचा वायदा घेऊन घरी परतलो. रविवारी मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर चांद दिसल्याची खबर आली. शिंप्याने दुकान पुन्हा उघडले, त्याचा बिचाऱ्याचाही इलाज नव्हता. पहाटे अडीचला कपडे हाती आले तेव्हा धाकट्याच्या कुर्त्याला बटणे लावायची राहिली होती, ती माझ्या पत्नीने फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजपूर्वी लावली. तोवर तिची स्वतःची मेहंदी राहिली ती राहिलीच.

कपड्यांचे मला तितके दुःख झाले नाही. ती रात्र पुन्हा मिळणार नव्हती, हे मात्र अजूनही मनाला लागून आहे.

पुढच्या वर्षी आम्ही शाबानच्या मध्यावर येणाऱ्या शब-ए-बरातच्या साफसफाईला जोडूनच ईदची तयारी केली. पडदे आणि चादरी धुऊन झाल्या, त्याच आठवड्यात कापड घेऊन शिवायला टाकले आणि रमजान लागण्याआधी ते घरी आले. शिंपी मोकळा असल्यामुळे त्याने मापे निवांत घेतली आणि एकदा अंगावर घालून पाहून दुरुस्तीही करून दिली. महिन्याभरात मुले वाढतात ही भीती मला निराधार वाटली, कारण बाह्यांना थोडी दुमड ठेवली की ते भागते. खर्चाच्या बाबतीत मात्र ही रीत सोपी नाही, कारण कपड्यांपाठोपाठ रमजानचा किराणा आणि इफ्तारची फळे यांचा खर्च येतो आणि दोन्ही एकाच पगारातून निघतात. आम्ही त्यासाठी शाबानच्या आधीच्या रजब महिन्यापासूनच थोडे थोडे बाजूला ठेवले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान शिवायचे कपडे आधी द्यावेत आणि चपला, टोप्या, बांगड्या मागाहून घ्याव्यात.

स्वयंपाकघराच्या बाबतीत सगळेच आधी उरकावे असे नाही. शीरखुर्म्याच्या बारीक शेवया कोरड्या डब्यात सहज टिकतात, बदाम आणि खारीकही टिकतात, पण चारोळी लवकर खवट होते. पहिल्या वर्षी आम्ही तीही शाबानमध्येच भरून ठेवली आणि ऐन ईदला टाकून द्यावी लागली. आता ती शेवटच्या आठवड्यातच आणतो. सुका मेवा कापण्याचे काम मात्र पत्नी आणि अम्मी दोघी मिळून पंधराव्या रोजाच्या सुमारास करून ठेवतात, त्यामुळे चांदरातीला खारीक भिजवणे आणि दूध आटवणे एवढेच उरते. इफ्तार आणि तरावीह आटोपून मध्यरात्रीपर्यंत काप करत बसायचे आणि लगेच सहरीला उठायचे, हे त्या दोघींनी किती वर्षे न बोलता केले, हे मला फार उशिरा दिसले.

फित्र्याचाही, म्हणजे ईदनिमित्त गरिबांना द्यायच्या दानाचाही, विचार मी या तुलनेत धरतो. तो ईदच्या नमाजपूर्वी पोहोचला पाहिजे एवढे सर्वांना ठाऊक असते, पण रमजानमध्ये आधीही देता येतो, याकडे आपले लक्ष जात नाही. चांदरातीला मध्यरात्री दिलेल्या पैशांतून ज्याला द्यायचे त्याच्या मुलांचे कपडे कधी शिवून होणार? आमचा स्वतःचा खर्च आधी उरकलेला असल्यामुळे आता फित्रा दुसऱ्या अशऱ्यातच घराबाहेर पडतो.

मीना बाजार आम्ही सोडलेला नाही. चांद दिसल्यावर मुलींना काकणे आणि मेहंदीचे कोन घ्यायला आजही नेतो, फक्त हातात शिलाईची पावती नसते. दुधाची मागणी तेवढी दूधवाल्याकडे सत्ताविसाव्या रोजालाच नोंदवून ठेवतो, आणि तीही एकोणतीस दिवसांचा महिना धरून.